आवाज घरी पोचेपर्यंत

तमाम नागपूरकरांना, विशेषतः ज्यांच्या घरी गिटार, ड्रम किंवा गाणारी मुलगी आहे अशांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गावातल्या बँडांनी बँडांच्या स्पर्धेत उतरावे की उतरू नये, या प्रश्नाचा निकाल हुडकेश्वर मुक्कामी फार पूर्वीच लागलेला आहे. निकाल एकसदस्यीय समितीने दिला. समितीचे कामकाज दारात ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवरून चाले. समितीच्या उजव्या हातात हातोडा असे. निकालावर अपिलाची सोय नव्हती. आम्ही तरीही अपील केलं. त्याचीच ही हकीकत.

समिती म्हणजे आमच्या सरावाच्या खोलीचे मालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो, पण ते कोणाचे काका असावेत असं त्यांच्या घराकडे बघून वाटत नसे. हुडकेश्वरला, शहराच्या टोकाला, तेव्हा दोन घरांच्या मध्ये चार प्लॉट रिकामे असत. अशाच एका एकट्या घराच्या फाटकावर मी पहिल्यांदा ती पाटी वाचली: ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त आवाज करणाऱ्यांना.’

मी स्कूटर थांबवली. फाटकाशी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता.

“काका, पाटीत एक ‘न’ राहून गेला काय?”

“काहून? तुमी आवाज नाही करत का?”

“करतो. बँड आहे आमचा.”

“मंग पाटी बराबर आहे. या आत.”

त्या खोलीत पूर्वी काकूंचा शिवणक्लास होता. सहा पायमशिनी, अकरा ते पाच. काका रेल्वेत होते. रात्रपाळी करून सकाळी घरी येत आणि त्या सहा मशिनींच्या खडखडाटात मेल्यासारखे झोपत. काकू गेल्या. मशिनी त्यांच्याच इच्छेने शिकणाऱ्या पोरींना वाटून दिल्या, एक तेवढी ठेवली. आणि मग काकांच्या लक्षात आलं की आपली झोपही त्या पोरी घेऊन गेल्या.

“आजूबाजूले कुत्रं बी नाही भुकत गा,” ते म्हणाले. “माणसानं झोपावं कसं?”

म्हणून ती पाटी. पहिला भाडेकरू फरशी कापणारा होता. तो दिवसभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन फरशी कापायचा आणि संध्याकाळी इथे येऊन गुपचूप बसायचा. त्याला महिन्यात काढलं. मग एक जोडपं आलं, तान्ह्या बाळासकट. काकांना मोठी आशा होती. “पण लेकरू भलतंच गुणी निघालं,” ते दुःखाने सांगत. “रडेच ना!” मग त्यांना कोणीतरी सांगितलं की गावात बँड नावाची एक जमात आहे, तिला कुठलाच घरमालक दारात उभा करत नाही.

काकांची रेल्वेतली नोकरीही ऐकण्याचीच होती. गाडी स्टेशनात लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोका मारत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. चाक धड असेल तर ते घंटेसारखं वाजतं. तडा असेल तर भद्द बोलतं. काकांनी तीस वर्षं नागपूरवरून जाणाऱ्या गाड्यांची चाकं अशी बोलती केली होती. निवृत्त झाल्यावर मोठा हातोडा परत करावा लागला, म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक वीतभर लांबीचा घडवून घेतला. त्या हातोड्याने ते जगाची तपासणी करत. नारळ, पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर, पाहुण्याचं हेल्मेट. एकदा पाहुणा आत असताना हेल्मेट ठोकलं, असं आमचा ड्रमर शपथेवर सांगतो, पण तो पाहुणा तोच असल्यामुळे साक्ष पक्की धरता येत नाही.

हा ड्रमर काटोलचा. मंडीत संत्र्यांची अडत करायचा. दर रविवारी एसटीने यायचा, काड्या संत्र्यांच्या पिशवीत घालून, आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परतायचा. त्याला सगळे काटोलवालाच म्हणत. गिटारवर आमचा डॉक्टर होता, होमिओपॅथ. त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर नाक, कान, घसा, संधिवात आणि निराशा अशी सर्व दुखणी लिहिलेली होती. यातला ‘कान’ हा शब्द लक्षात ठेवा. बेस गिटार मी वाजवायचो; आठवडाभर विम्याच्या ऑफिसात लोकांना मरणाची भीती घालून रविवारी तिथे प्रायश्चित्त घ्यायचो. आणि गायची सुजाता. सक्करदऱ्याची, शाळेत शिकवायची. तिचे वडील जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत गायचे आणि ही स्टेजच्या मागे गोणपाटावर झोपायची. आवाज तिथेच कमावला. आम्ही चौघे चाळिशीला टेकलेलो, रविवारीच भेटायचो, म्हणून बँडचं नाव ‘रविवार’. भाडं म्हणून काका एवढंच मागत की दार उघडं राहील आणि ते दारात बसतील.

आणि एक नियम होता. गाणं संपलं की काका हातोडा वर धरत. तो वर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, तारेवर बोट घासायचं नाही. शेवटच्या झांजेचा नाद पातळ पातळ होत जायचा. तो पुरता गेला की हातोडा खाली यायचा आणि काका म्हणायचे, “हं, वाजवा.”

“आवाज घरी पोचू द्या गा,” हे त्यांचं वाक्य. “अर्ध्या वाटेत सोडला तं चाकाचा तडा कसा समजंन? एक ठोका पुरा आयकला नाही, अन् डब्बा पलटला, तं?”

आमच्या गाण्याने कोणताही डबा पलटण्याची शक्यता नव्हती, तरी आम्ही थांबायचो. पहिल्या वर्षी चार-पाच सेकंद. दुसऱ्या वर्षी दहा. तिसऱ्या वर्षी तर अर्धं अर्धं मिनिट हातोडा खालीच येईना. आम्हाला वाटलं काकांचा कान तयार होत चाललाय, त्यांना आमच्यापेक्षा सूक्ष्म ऐकू येतंय. मी ऑफिसात सांगायचो, आमच्या बँडमध्ये शांततासुद्धा वाजवतात. लोक म्हणायचे, मग तेवढंच वाजवत जा.

आता निकालाकडे येतो. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला काकूंच्या शिवणाच्या चपट्या खडूने काकांनी लिहून ठेवलं होतं. आमच्या आधी इथे सराव केलेल्या बँडांची नावं. ‘उकाडा. जिंकले. पुण्याले गेले.’ ‘बारा नंबर. हारले. फुटले.’ ‘लोखंडी पूल. हारले. फुटले. ड्रमवाल्यानं गिटारवाल्याले मारलं.’ अशी पाच. स्पर्धेत न उतरलेला एकही बँड त्या दारावर नव्हता. आमचं नावही नव्हतं, कारण आम्ही अजून होतो.

“जिंकले तं जातात, हारले तं फुटतात,” काका म्हणायचे. “तिसरा रस्ता मी पाह्यला नाही.”

आम्ही याला विक्षिप्तपणा म्हणून हसायचो. वास्तविक हिशेब फार साधा होता. खोली रिकामी झाली की त्या घरात सोमवार ते रविवार काहीही वाजत नसे. एका बँडनंतर दुसरा मिळेपर्यंत एकदा आठ महिने गेले होते. त्या आठ महिन्यांबद्दल काका कधी बोलले नाहीत. शेजारच्या बाईंनी मात्र मला सांगितलं की तेव्हा ते दुपारी उठून ती उरलेली पायमशीन रिकामी चालवत बसायचे. धागा नाही, कापड नाही.

त्या हिवाळ्यात शहरात मोठी स्पर्धा जाहीर झाली. बारा मिनिटं, तीन गाणी, मैदानभर लोक. सुजाताने सरळ विषय काढला, काकांच्या समोरच.

“अजी काका, आमाले जायचं आहे.”

“काहून वं? इथं काय कमी आहे?”

“तीन वर्सं झाले, एका माणसासमोर गाऊन राहिलो. माहे बाबा हजार हजार लोकांसमोर गायचे. मी स्वतःचं गाणं लिहिलं, तळ्यावरचं. ते कोणी आयकलंच नाही तं ते गाणं आहे कशावरून?”

“मी आयकतो.”

“तुमी आयकता,” ती म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं. पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

काटोलवाल्याने मध्यस्थी केली. “कसं आहे काका, संत्रं कितीबी गोड असो, मंडीत न्याच लागते. झाडावरच ठेवलं तं सडते.”

“मंडीत हर्रास होते न? बोली लागते न?”

“होते.”

“मंग एक सांग. हर्रास झालेलं संत्रं वापस झाडावर जाते का?”

अडत्या गप्प झाला. काटोलच्या मंडीत त्याला असं गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. काकांनी हातोडा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “हं, वाजवा.” विषय संपला.

आम्ही गुपचूप नाव दिलं. पुढच्या रविवारी सरावाला येणार नाही हे सांगायची कामगिरी माझ्यावर आली, कारण खोटं बोलण्याचा सरकारमान्य अनुभव मलाच होता. मी सांगितलं, काटोलवाल्याच्या चुलत बहिणीचा साखरपुडा आहे, सगळे तिकडे जाणार. काका माझ्या स्कूटरपाशी आले, टाकीवर एक ठोका मारला, कान देऊन ऐकलं.

“टाकीत पेट्रोल नाही,” ते म्हणाले, “अन् गोष्टीत दम नाही.”

मी किक मारत राहिलो. दुसरं काय करणार? शेवटी स्कूटर ढकलत निघालो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. “काटोलले थंडी राहते म्हणा. सुजाताले गळ्याले काही बांधाले सांगजो.”

स्पर्धेचा दिवस. दुपारचे चार. समोर एवढे लोक, की सुजाताने पहिल्यांदा बघून माझा दंड धरला. पहिलं गाणं आम्ही असं वाजवलं की काय सांगू! काटोलवाल्याने शेवटची झांज मारली आणि आम्ही चौघेही जागच्या जागी पुतळे झालो.

टाळ्या आल्या, वाढल्या, ओसरल्या. आम्ही उभेच. कोणी बोलेना, कोणी हलेना. माझा हात तारांवर पालथा. डॉक्टरचा एक पाय उचललेला, तो उचललेलाच. साउंडवाला वायर तुटली समजून कमरेत वाकून धावत आला, सगळ्या पिना काढून पुन्हा खोचून गेला. निवेदक म्हणाला, “कलाकार भावुक झाले आहेत.” मागून शिट्ट्या सुरू झाल्या. एका परीक्षकाने घड्याळ पाहिलं, मग आम्हाला पाहिलं. अर्ध्या मिनिटाने मला समजलं की आम्ही ज्याची वाट बघतोय तो हातोडा हुडकेश्वरला आहे. मी तिघांकडे बघितलं. तिघांनाही तेव्हाच समजत होतं.

तुम्ही म्हणाल, चूक कळल्यावर दुसऱ्या गाण्यानंतर तरी सुधारली असेल. अजिबात नाही. दुसऱ्या गाण्यानंतर आम्ही पुन्हा थांबलो. डोक्याला कळलं होतं, अंगाला कळलं नव्हतं. तीन वर्षांचे रविवार अंगात होते. तिसरं गाणं सुजाताचं, तळ्यावरचं. तिने पहिला अंतरा संपवला आणि घंटा वाजली. बारा मिनिटं पुरी. माइक बंद झाला. ती एक ओळ माइकशिवाय गायली, मग थांबली. आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचा आलेला बँड आलाच नव्हता.

इथे जरा थांबून एक सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तोंड पाडून उभं राहायला नको. काका जाऊन आता दोन वर्षं होतील. घर विकलं गेलं. त्या प्लॉटवर चार मजले उभे राहिले आहेत आणि फाटकावर लिहिलंय, ‘कृपया हॉर्न वाजवू नये.’ हातोडा सुजाताकडे आहे. ती आता मुख्याध्यापिका आहे. प्रार्थना संपली की हातोडा वर धरते आणि सातशे पोरं चिडीचूप उभी राहतात. का, ते त्यांना माहीत नाही. ‘रविवार’ त्या स्पर्धेनंतर आणखी चार वर्षं टिकला. दुसऱ्या स्पर्धेचं नावही आम्ही काढलं नाही. काकांचा निकाल मान्य होता म्हणून नव्हे. काहून, ते आता सांगतो.

स्पर्धेनंतरच्या रविवारी आम्ही गेलो, तर फाटकावर ती जुनी पाटी परत लागली होती. धुऊनपुसून. ‘फक्त आवाज करणाऱ्यांना.’ सुजाताने ती उतरवली, काखेत मारली आणि तरातरा आत गेली. काका रिकाम्या खोलीत, दाराकडे पाठ करून बसले होते.

“झाला का साखरपुडा?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“मोडला,” काटोलवाला म्हणाला.

आता ते वळले. आम्हाला एकेकाला निरखलं, चाकं बघावीत तसं.

“कोणं कोणाले मारलं?”

“कोणीच नाही.”

“पुण्याले?”

“आमाले पुण्याले कोण नेते जी!”

ते उठले, खडू घेतला आणि दारापाशी गेले. लिहिलं: ‘रविवार. हारले.’ खडू हातात फिरवला. आणि लिहिलं, ‘आले.’

मग आम्ही त्यांना पुतळ्यांची गोष्ट सांगितली. मी नकला करून दाखवल्या, डॉक्टरचा उचललेला पाय दाखवला. मला वाटलं ते हसतील. त्यांनी विचारलं, “किती वेळ थांबले?”

“अर्धा मिनिट.”

“अर्धा मिनिट?” ते चिडलेच. “मोकळ्या मैदानात आवाज तं लवकर जाते! एवढा वेळ काहून?”

“इथं तेवढाच थांबतो न आपण.”

ते परत खुर्चीत जाऊन बसले.

सुजाता शाळेतली बाई. उत्तर चुकलं की ती पोराच्या बाजूला जाऊन बसते. ती काकांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. “काका, इथं बी तो लवकरच जाते. मी हात लावून पाह्यला झांजेले. कवाचीच गप झालेली राहते. तुमी कशाची वाट पाहता?”

काकांनी हातोड्याचा दांडा अंगठ्याने पुसला.

“मले तं आयकूच येऊन राहते वं.”

“कवापासून?”

“दीड-दोन वर्सं झाले असतीन. तुमी रविवारी जाता. तो नाही जात. सोमवारी राहते, मंगळवारी राहते. शुक्रवारपर्यंत बी राहते बारीकसा. कधी झांज वाटते, कधी चाक.”

डॉक्टरचा चेहरा उतरला. दवाखान्याच्या पाटीवर कान लिहिणारा माणूस तीन वर्षं त्या कानांपासून पाच हातांवर गिटार वाजवत होता. “काका, हे कानाचं दुखणं आहे,” तो म्हणाला. “माझं नका ऐकू, मोठ्या दवाखान्यात दाखवू. पुरं नाही, पण कमी करता येते.”

“कमी करून काय करू गा?” काका म्हणाले. “घरात तेवढंच तं आहे.”

मग मीच विचारलं, आम्हाला आधी का नाही सांगितलं?

“सांगितलं असतं तं तुमी ड्रम हळू वाजवला असता.”

असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढून आपल्या जागी, दारात ठेवली. “ते तिसरं गाणं. घंटीनं तोडलं म्हणता, ते. ते वाजवा आता.”

वाजवलं. मी आयुष्यात बरंच वाईट वाजवलं आहे, त्यामुळे त्या दिवशी चांगलं वाजलं हे मला कळतं. सुजाता डोळे उघडे ठेवून, काकांकडे बघत गायली. तळं, संध्याकाळ, कठड्यावर बसलेली माणसं आणि एकमेकांशी न बोलता घरी जाणारी माणसं. मैदानातल्या लोकांना न मिळालेला दुसरा अंतरा हुडकेश्वरच्या एका माणसाला मिळाला. शेवटी काटोलवाल्याने झांज मारली. जोरात. नेहमीपेक्षाही जोरात.

काकांनी हातोडा वर धरला. डोळे मिटले.

झांज थांबली. आम्हाला दिसलं ती थांबलेली. हातोडा वरच. फरशीवर सहा मशिनींच्या पायांचे जुने वण होते, त्यांच्यावरून ऊन सरकत भिंतीपाशी गेलं. मिनिट झालं असेल, दोन झाली असतील. ज्याची वाट बघतोय तो आवाज जाणार नाही, हे आता आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे, हे काकांना माहीत होतं. तरी हातोडा खाली येईना आणि आम्हीही हललो नाही. डॉक्टर जमिनीकडे बघत होता.

साडेपाच झाले. ड्रमच्या मागे काटोलवाला अस्वस्थ चुळबुळला. त्याने घड्याळ बघितलं, काकांना बघितलं, काड्या संत्र्यांच्या पिशवीत घातल्या, परत काढल्या, आणि शेवटी त्याच्याने राहवलं नाही:

“अजी काका, तुमचा आवाज तं कवाचाच घरी पोचला, आता माही काटोलची एसटी जाऊन राहिली न!”